तिशॉन्त्स: पोलंडचा 'हजार' पत्त्यांवर कसा खेळायचा

पोलिश भाषेत तिशॉन्त्स म्हणजे हजार. तीन खेळाडू, २४ पानं, आणि जो आधी १००० गुण गाठेल तो जिंकला. नियम तासाभरात कळतात, तरी नवीन मंडळी पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी अडतात, आणि त्याची कारणं साधारण तीन आहेत. एक, इंटरनेटवर या खेळाचे रशियन नियमही सापडतात आणि दोन्हींची सरमिसळ होते. दोन, आपल्याकडच्या तीनशेचारची सवय हाताला असते, त्यामुळे गुलाम आणि नव्वी हातात आली की माणूस खूश होतो. इथे ती जवळजवळ बिनकामाची आहेत. तिसरं कारण सगळ्यात महागात पडतं: मधल्या झाकलेल्या तीन पानांत काय निघेल या आशेवर बोली (डावात किती गुण काढणार तो आकडा) लावली जाते.

म्हणून खाली पायऱ्या खेळाच्या क्रमानेच दिल्या आहेत. पहिल्या चार-पाच डावांत हा क्रम मोडू नका.

१. पानं निवडा आणि क्रम पाठ करा

नेहमीच्या ५२ पानांच्या जोडातून दुर्रीपासून अठ्ठीपर्यंतची सगळी पानं आणि जोकर बाजूला काढा. उरली प्रत्येक रंगाची सहा: एक्का, दश्शी, राजा, राणी, गुलाम, नव्वी. पोलंडमध्ये छापलेला जोड वापरत असाल तर राणीच्या पानावर 'दामा'चं आणि गुलामाच्या पानावर 'वालेत'चं आद्याक्षर दिसेल. पहिल्या डावाआधी ती दोन पानं एकदा डोळ्यांखालून घाला.

वरपासून खाली क्रम आणि गुण असे:

- एक्का: ११
- दश्शी: १०
- राजा: ४
- राणी: ३
- गुलाम: २
- नव्वी: ०

एका रंगाचे ३०, चार रंगांचे मिळून १२०. हा १२० चा आकडा डोक्यात पक्का बसवा, पुढची सगळी मोजणी त्यावरच उभी आहे.

सावध: दश्शी राजाच्या वर आहे. तीनशेचार खेळणाऱ्यांना दश्शीचे १० गुण नवे नाहीत, पण तिथे गुलाम ३० चा आणि नव्वी २० ची असते, तो हिशेब इथे पूर्ण विसरायचा. उलट फक्त मेंढीकोट खेळलेले लोक दश्शीवर राजा टाकून हात (एका फेरीत पडलेली पानं) उचलायला जातात.

२. जोडीचे गुण समजून घ्या

एकाच रंगाचे राजा आणि राणी तुमच्याकडे असले की ती जोडी झाली. पोलिश खेळाडू ती जाहीर करण्याला 'मेल्दुनेक' म्हणतात. जोडीचे गुण रंगाप्रमाणे बदलतात:

- बदाम: १००
- चौकट: ८०
- किलवर: ६०
- इस्पिक: ४०

जोडी केव्हाही दाखवता येत नाही. उतारी (हातातलं पहिलं पान टाकायची पाळी) तुमची हवी, त्या क्षणी राजा-राणी दोन्ही तुमच्या हातात हवेत, आणि त्यातलंच एक पान उतरताना मोठ्याने सांगायला हवं: "बदाम, शंभर." तो रंग लगेच हुकूम होतो. पुढे कुणी दुसरी जोडी जाहीर केली की जुना हुकूम रद्द होऊन नवा सुरू होतो. डाव सुरू होताना हुकूम कुठलाच नसतो.

जोडीचे गुण जाहीर करताच मिळतात. उतरलेली राणी समोरच्याने एक्क्याने किंवा दश्शीने मारली तरी १०० तुमचेच, गेले ते फक्त त्या हातातले गुण. बोली जिंकलेला नसेल तोही उतारी मिळाल्यावर जोडी जाहीर करू शकतो आणि ते गुण त्याचे.

३. वाटण्याआधी या गोष्टी ठरवा

पोलंडमध्ये घराघरांत नियमांचे बारीक फरक आहेत. डाव रंगात आल्यावर यांवरून वाद निघतात, म्हणून आधीच बोलून घ्या आणि गुणांच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

- रंग असेल तर तोच टाकायचा, हे सगळीकडे आहे. पण वरचं पान असेल तर मारायलाच हवं का? रंग नसेल तर हुकूम टाकायलाच हवा का? शिकताना दोन्हींना 'हो' म्हणा. मोजणी सोपी होते, आणि पुढचं उदाहरणही याच नियमावर आहे.
- पहिल्याच उतारीला जोडी जाहीर करता येते की आधी एक हात जिंकावा लागतो?
- ५ वर संपणारे गुण वरच्या दशकात न्यायचे की खालच्या?
- एकाच्याच हातात चारही नव्व्या आल्या तर पानं पुन्हा वाटायची का?
- 'बॉम्बा' (पायरी ६) प्रत्येकाला खेळात किती वेळा? एकदा पुरे.
- किती गुणांनंतर फक्त बोलीतूनच गुण चढतील? बहुतेक ८०० धरतात, काही ९००.

'बोच्का', ८८० ची मर्यादा, त्यावरून तीन डावांत जिंकण्याची सक्ती असं काही वाचलं असेल तर ते रशियन खेळातलं आहे. ते इथे आणू नका.

४. वाटप

पानं पिसा, डावीकडून वाटायला सुरुवात करा. प्रत्येकाला सात-सात, आणि मधे तीन पालथी. त्या मधल्या तिघांना 'मुशिक' म्हणतात. मुशिकची पानं वाटपाच्या मधेच टाका, शेवटची उरलेली तीन तिथे ठेवू नका. वाटताना जोडाचं शेवटचं पान कुणाच्या नजरेस पडलं असेल तर मुशिक फुटलं असं समजा.

तपासा: ७ × ३ + ३ = २४. प्रत्येकाने आपली सात पानं मोजल्याशिवाय बोली सुरू करू नका. आठवं पान बोलीनंतर सापडलं तर सगळा डाव रद्द करावा लागतो.

५. बोली

वाटणाऱ्याच्या डावीकडच्याला १०० बोलावेच लागतात, पानं कशीही असोत. पुढचे दोघे दहा-दहाने चढवतात किंवा 'पास' म्हणतात. एकदा पास म्हणालात की त्या डावाच्या बोलीत परत यायचं नाही. दोघे पास झाले की उरलेला तो बोलीवाला.

हातात जोडी नसेल तर १२० च्या वर बोलता येत नाही. १३० पासून पुढे बोलणाऱ्याकडे जोडी असलीच पाहिजे. त्यामुळे कुणी १३० म्हणालं की त्याच्याकडे एक राजा-राणी आहे, हे तुम्हाला फुकटात कळतं. तुमच्याकडे बदामाचा राजा असेल तर ती जोडी बदामाची नाही, हेही.

आता मोजणी. जोडीशिवाय १०० बोलणं म्हणजे १२० पैकी समोरच्या दोघांना मिळून फक्त २० द्यायचे. दोन एक्के आणि एक दश्शी घेऊन हे होत नाही. जोडी नसताना सक्तीच्या शंभराच्या पुढे जाऊच नका.

जोडी असेल तर असं मोजा: जोडीचे गुण, अधिक हातातले एक्के, अधिक ज्या दश्शीसोबत त्याच रंगाचा एक्का आहे ती दश्शी. एकटी दश्शी मोजू नका. बेरीज खालच्या दशकात आणा, तिथपर्यंत बोला.

मुशिकच्या आशेचं काय, तेही आकड्यांत पाहा. तुमची सात पानं सोडली तर १७ पानं तुम्हाला दिसत नाहीत, त्यातली तीन मुशिकमध्ये. तुम्हाला हवी असलेली एखादी ठरावीक राणी मुशिकमध्ये असण्याची शक्यता १७ मध्ये ३, म्हणजे पाचात एकही नाही. दोन वेगळ्या रंगांचे एकटे राजे असतील तर दोनपैकी एक तरी जोडी जुळण्याची शक्यता तीनात एक. तीनातल्या दोन वेळा तुम्ही उणे शंभरावर जाल. "मुशिकमध्ये येईल" असं मनात आलं की पास म्हणा.

६. मुशिक उघडा, दोन पानं द्या

बोलीवाला मुशिकची तीन पानं सगळ्यांना दाखवतो आणि हातात घेतो. आता त्याच्याकडे दहा. त्यातलं एकेक पान तो दोघांना पालथं देतो, मग सगळ्यांकडे आठ-आठ.

इथे घाई नको. काय द्यायचं ते ठरवताना पुढच्या गोष्टी पाहा:

- राजा किंवा राणी देणं टाळा. समोरच्याकडे तिचा जोडीदार असेल तर त्याला जोडी तुम्हीच जुळवून दिलीत.
- गुलाम आणि नव्वी द्या. शक्य असेल तर एक रंग पूर्ण संपवा. पुढे हुकूम तुमचा झाला की त्या रंगावर तुम्हाला मारता येतं.
- एकटी दश्शी तुमच्याकडेही मरणारच असेल, तरी ती देण्याआधी विचार करा. तिचे दहा गुण आणि त्या रंगावरची पकड दोन्ही समोर जातात.

पानं देण्याआधी, मुशिक पाहून डाव हाताबाहेर गेलेला दिसला तर 'बॉम्बा' म्हणता येतो. बोलीवाल्याला शून्य, समोरच्या दोघांना ६०-६०, आणि डाव खेळायचाच नाही. सक्तीने शंभरावर अडकलात आणि मुशिकनेही काही दिलं नाही, तर उणे १०० पेक्षा हे खूप स्वस्त. मात्र समोरच्यांपैकी कुणी शेवटच्या मर्यादेच्या उंबरठ्यावर असेल तर त्याला साठ देणं धोक्याचं.

पानं दिल्यावर बोलीवाला आपली बोली आणखी चढवू शकतो. कमी करता येत नाही.

तपासा: प्रत्येकाकडे आठ पानं? अंतिम बोली कागदावर लिहिली? मगच पहिली उतारी.

७. खेळणं

पहिली उतारी नेहमी बोलीवाल्याची. मग जो हात जिंकेल त्याची. आठ हात होतात.

क्रमाचा एक नियम फार उपयोगी आहे: बाजूचे एक्के आधी, मग जोडीच्या रंगाचा एक्का, मग जोडी. हुकूम ठरलेला नाही तोवर तुम्ही उतरलेला एक्का कुणीच मारू शकत नाही. जोडी जाहीर केलीत की हुकूम आला, आणि समोर एखादा छोटा हुकूम असला तरी बाजूचा एक्का मरू शकतो. जोडीच्या रंगाचा एक्का आधी उतरला तर एकटी पडलेली दश्शी त्याखाली येऊन पडते.

एक डाव पूर्ण उघडून पाहू. बोलीवाल्याकडे आले: बदाम एक्का, राजा, राणी, किलवर एक्का, दश्शी, इस्पिक राजा, चौकट नव्वी. पक्की मोजणी: १०० + ११ + ११ + १० = १३२. बोली १३० पर्यंत चढली आणि तिथेच मिळाली. मुशिकमध्ये निघालं बदाम नव्वी, इस्पिक राणी, चौकट गुलाम. इस्पिकची चाळीसची जोडी जुळली. चौकटची दोन्ही पानं देऊन टाकली, चौकट रंग संपला. बोलीवाल्याचे आठ: बदामचे चार, किलवरचे दोन, इस्पिक राजा-राणी.

आता बोली किती चढवायची? १०० आणि ४० मिळून १४०, वर दोन एक्के आणि दश्शी, असं वरवर पाहता १७० दिसतात. पण इस्पिकचे ४० पक्के नाहीत. बाहेर बदामची दोनच पानं आहेत, दश्शी आणि गुलाम. ती दोघांत वाटलेली असतील (१३ पैकी ७ वेळा) तर बदाम एक्क्याखाली दोन्ही पडतील आणि सगळं सुरळीत. दोन्ही एकाकडेच असतील (१३ पैकी ६ वेळा) तर तो एक्क्याखाली गुलाम टाकेल आणि तुमची बदाम राणी दश्शीने मारेल. उतारी त्याची झाली, त्याने इस्पिक एक्का उतरला की तुम्हाला राजा किंवा राणी टाकावीच लागते. जोडी हातातच मोडली, चाळीस गेले. नवशिक्यांचं सर्वात जास्त नुकसान इथेच होतं: दुसरी जोडी ते पहिल्या दिवसापासून खिशात धरतात. म्हणून इथे १५० वर थांबायचं.

हात असे पडले (डावीकडचा तो पहिला, उजवीकडचा तो दुसरा):

१. किलवर एक्का, पहिल्याचा गुलाम, दुसऱ्याची नव्वी. १३.
२. बदाम एक्का, पहिल्याची दश्शी, दुसऱ्याचा गुलाम. २३. बाहेरचे बदाम संपले.
३. बदाम राणी, "शंभर". दोघांकडे बदाम नाही. इस्पिक नव्वी आणि चौकट गुलाम पडतात. ५.
४. बदाम राजा, चौकट नव्वी, इस्पिक गुलाम. ६.
५. किलवर दश्शी; राजा आणि राणी खाली पडतात. १७.
६. इस्पिक राणी, "चाळीस". हुकूम आता इस्पिक. पहिल्याला एक्क्याने मारावं लागतं, दुसऱ्याची दश्शी पडते. हे २४ पहिल्याचे.
७. पहिल्याची उतारी चौकट एक्का, दुसऱ्याचा चौकट राजा. बोलीवाल्याकडे चौकट नाही. इस्पिक राजा हुकूम म्हणून मारतो. १९.
८. बदाम नव्वी. कुणाकडे बदाम नाही, हुकूमही नाही. चौकट राणी आणि दश्शी पडतात. १३.

पानांचे ९६, जोड्यांचे १४०, एकूण २३६. पहिल्याचे २४. ९६ + २४ = १२०, हिशेब जुळला.

सहाव्या उतारीकडे नीट पाहा. इस्पिकची जोडी जाहीर झाली, म्हणून इस्पिक राजा हुकूम होऊन उरला आणि त्याने चौकटचा एक्का पकडला.

८. गुण लिहिणं

बोली पूर्ण केली तर बोलीवाल्याला बोलीइतकेच गुण, वरचे वाया. वरच्या डावात २३६ काढूनही चढतात १५०. बोली चुकली तर तितकेच वजा, मग दहा कमी पडले असोत की साठ. गुण उण्यातही जाऊ शकतात. समोरच्या दोघांना त्यांनी मिळवलेले गुण जवळच्या दहात आणून मिळतात: २४ चे २०.

जोडी जाहीर होताच कागदावर तिची खूण करा, शेवटी आठवून लिहू नका. डाव संपल्यावर तिघांच्या पानांची बेरीज १२० येते का पाहा, आली नाही तर कुणीतरी दश्शी राजासारखी मोजली आहे.

८०० (किंवा तुम्ही ठरवलेली मर्यादा) ओलांडली की समोर बसून मिळालेले गुण त्या खेळाडूला चढत नाहीत. पुढे जायचं तर बोली जिंकायची आणि पूर्ण करायची. हे इतर दोघांनी ओळखून खेळावं. तो ८५० वर असेल तर त्याला १५० लागतात, म्हणजे एकदा मोठी किंवा दोनदा शंभराची बोली त्याला पूर्ण करावीच लागेल. तुमच्याकडे बदामची जोडी असेल तर त्याला स्वस्तात बोली जिंकू देऊ नका. मात्र हातात काही नसताना नुसतं त्याला अडवायला बोली चढवलीत तर ती तुमच्याच गळ्यात पडते.

९. समोर बसलेल्यांनी काय पाहावं

बोलीवाला एक आणि तुम्ही दोघे, पण गुण दोघांचे वेगळे लिहिले जातात. तरीही बोली पाडणं दोघांच्या फायद्याचं आहे. बोलीवाला एखादा रंग टाळतोय असं दिसलं की तो रंग उतरा, पण त्याच्याकडे तो रंग संपलाय आणि हुकूम शिल्लक आहे असं वाटलं तर तिथे एक्का वाया घालवू नका. वरच्या डावात सातव्या उतारीला हेच झालं. सोबत्याचा हात पक्का दिसत असेल तर त्यावर तुमची दश्शी टाका, म्हणजे ते गुण बोलीवाल्याच्या हाती लागत नाहीत. आणि बोलीवाल्याला जोडी जाहीर करायला अजून उतारी मिळालेली नसेल तर ती मिळू न देणं हे सगळ्यात मोठं काम.

चार किंवा दोन खेळाडू असतील तर

चौघे असाल तर वाटणारा त्या डावात बसून राहतो, बाकी तिघे खेळतात. दोघेच असाल तर प्रत्येकी दहा पानं आणि मधे दोन-दोन पानांचे दोन मुशिक. बोलीवाला एक मुशिक निवडून उचलतो आणि दोन पानं बाजूला ठेवतो. बाजूला ठेवलेल्या आणि न उचललेल्या पानांचे गुण कुणाचे, हे वाटण्याआधीच ठरवा. दोघांच्या खेळात मुशिक निवडता येतं, म्हणून बोली थोडी सैल सोडली तरी चालते, पण वरची मोजणी तीच.